दम आधी येतो, हाडं मागून येतात

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ४२, कोथरूडला राहता, शाळेत शिकवता, दोन मुलं. बरीच वर्षं सकाळी टेकडीवर चालायची सवय. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सोसायटीतल्या चार मैत्रिणींबरोबर धावायला लागलात. आता निम्मा एप्रिल सरलाय आणि सलग चार किलोमीटर धावता येतं. पण मैत्रिणी किलोमीटरला साडेसहा-सात मिनिटांनी धावतात, त्यांच्याबरोबर राहायचं तर दम लागतो. गेले दहा दिवस उजव्या नडगीत आतल्या बाजूने दुखतंय. मैत्रिणी सप्टेंबरमधल्या साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला (घाटातली २१ किलोमीटरची शर्यत) नाव घालणार आहेत, तुम्हालाही यायचंय. तेव्हा स्टॅमिना कसा वाढवायचा, दुखणं अंगावर काढून धावलं तर चालेल का, बूट कुठले घ्यावेत, आणि ‘या वयात गुडघे घालवून बसशील’ असं सासूबाई म्हणतात त्यात तथ्य किती?

मी साताऱ्याची. वयाच्या ३९व्या वर्षी धावायला लागले, आता ५८ची आहे. गेली चौदा वर्षं मोठ्या वयात धावायला सुरुवात करणाऱ्यांना शिकवते. त्यात पस्तिशी ते साठीच्या बायका जास्त. मी डॉक्टर नाही, त्यामुळे दुखण्याचं निदान मी करणार नाही. पण कुठल्या दुखण्याला आधी डॉक्टर गाठायचा, हे इतक्या वर्षांत चांगलं कळलंय.

तुम्ही चार गोष्टी विचारल्यात, पण माझ्या मते त्यांच्या खाली एकच गोष्ट आहे. तुमचा दम आणि तुमचे पाय सध्या एका गतीने तयार होत नाहीयेत. दम पुढे गेलाय, पाय मागे राहिलेत. तुम्हाला वाटतंय की स्टॅमिना कमी पडतोय. मला उलट दिसतंय. दहा आठवड्यांत चार किलोमीटर सलग धावता आलं, म्हणजे हृदय-फुप्फुसांनी त्यांचं काम चोख केलं. तक्रार नडगी करतेय, कारण तिला तेवढा वेळ मिळालाच नाही.

नडगीचं आधी बोलू, कारण त्यात थांबून चालणार नाही. आज रात्री पलंगावर बसून उजव्या पायाच्या नडगीची आतली कड बोटाने घोट्यापासून वरपर्यंत दाबत जा. चार-पाच बोटं रुंदीच्या पट्ट्यात सगळीकडेच हुळहुळत असेल, धावायला लागल्यावर आधी दुखत असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर बहुतेक ते ‘शिन स्प्लिंट्स’ म्हणतात तसलं आहे. ते आटोक्यात येतं. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी बोट ठेवताच कळ येत असेल, त्या एका पायावर हलकी उडी मारवत नसेल, धावताना दुखणं वाढतच जात असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर पडत असल्याची शंका घ्यायची. मग धावणं त्या क्षणी बंद करायचं आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं.

एक गोष्ट माझ्या अनुभवातून सांगते. मला हे दुखणं तिसऱ्या महिन्यात आलं होतं. एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. स्नायू आखडलाय, असं मला सांगण्यात आलं आणि मी आणखी दोन आठवडे धावत राहिले. नंतर एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाची चीर दिसली आणि नऊ आठवडे धावणं बंद झालं. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बहुतेक वेळा दिसतच नाही. ती भरून यायला लागते तेव्हा दिसते. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला आणि दुखणं मात्र त्याच जागी राहिलं, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि पुढची तपासणी करायची का ते विचारा. अंगावर काढत धावलं तर चालेल का, या प्रश्नाचं उत्तर दुखणं पसरट असो की एका जागी, ‘नाही’ असंच आहे. पसरट असेल तर बहुतेक काही आठवड्यांची विश्रांती पुरते. एका जागी असेल तर काही महिन्यांचा प्रश्न आहे.

आता हे का होतं ते सांगते, कारण कारण कळलं की माणूस धीर धरतो. धावायला लागल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. म्हणून सहा-आठ आठवड्यांत ‘अरे, आता दम लागत नाही’ असं वाटायला लागतं. स्नायूंचंही साधारण तसंच. पण स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे आणि खुद्द हाडं यांचं काम सावकाश. त्यांचा हिशेब महिन्यांत चालतो.

हाडाचं तर आणखी एक आहे. रस्ता नवा करायचा तर आधी जुना उकरावा लागतो, हे पुण्यात राहून तुम्हाला वेगळं सांगायला नको. हाडही तसंच करतं. त्याच्यावर नवा भार आला की ते जुना भाग आधी पोखरतं, मग तिथे नवं हाड भरतं. उकरणं लवकर होतं, भरणं उशिरा. त्यामुळे नवीन सराव सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून पुढचा काही काळ हाड आधीपेक्षा मजबूत नसतं, उलट थोडं कमजोर असतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत दम सुधारल्यामुळे आपण अंतर वाढवतो, वेग वाढवतो. माझ्याकडे दुखणं घेऊन आलेल्या नवख्यांत सर्वांत जास्त लोक दुसऱ्या ते चौथ्या महिन्यातले असतात. तुम्ही आत्ता तिथेच आहात.

तुम्ही चालत होतात, ते कामाला आलंच असेल. पण चालणं आणि धावणं यांत एक मोठा फरक आहे. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. धावताना प्रत्येक पावलाला क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात, आणि खाली येताना शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार एका पायावर पडतो. मिनिटाला १६० पावलं धरली तर अर्ध्या तासात ४८०० पावलं होतात, म्हणजे एकट्या उजव्या पायावर २४०० वेळा. टेकडीवर वर्षानुवर्षं चाललेल्या बाईचा दम चांगलाच असतो, म्हणून तिला पहिल्याच महिन्यात दोन-तीन किलोमीटर धावता येतं, आणि म्हणूनच तिची नडगी लवकर दुखते. अगदीच दम नसलेली बाई या बाबतीत सुरक्षित असते, कारण तिला मध्ये मध्ये थांबावंच लागतं.

आता दमाचं. तुमचा दम वाढवायचा उपाय म्हणजे सावकाश धावणं. ‘सावकाश’ शब्दावर माझा जोर आहे, कारण सावकाश म्हणजे किती, यात नवख्यांची हमखास गल्लत होते. घड्याळाचा वेग मी सुरुवातीला कुणालाच बघू देत नाही. मी पाढा म्हणायला लावते. धावता धावता तेराचा पाढा मोठ्याने म्हणा. दोन-तीन पायऱ्या एका श्वासात आरामात म्हणता आल्या, मग एक श्वास, मग पुढच्या दोन-तीन, असं जमत असेल तर वेग बरोबर आहे. ‘तेरा दुणे’ म्हणून ‘सव्वीस’साठी श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त झाला. मग चालायला लागा, श्वास जागेवर आला की पुन्हा धावा. हातातल्या घड्याळात हृदयाचे ठोके बघायचे असतील तर जरूर बघा, पण जास्तीत जास्त ठोके किती, याचं ‘२२० वजा वय’ हे गणित नुसता अंदाज आहे. एकाच वयाच्या दोन बायकांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज निघतो. पाढा त्या बाबतीत जास्त खात्रीचा.

तुमच्यासाठी हा वेग किलोमीटरला साडेआठ-नऊ मिनिटं असेल, कदाचित त्याहूनही सावकाश. म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाच्या थोडं पुढे. याची लाज वाटते, हे मला माहीत आहे. रस्त्यावर कुणी बघेल असं वाटतं. पण पळण्याची ही रीत जुनी आणि पारखलेली आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी ऑलिंपिक विजेते घडवले, आणि १९६२च्या सुमारास ऑकलंडमध्ये मध्यमवयीन, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या लोकांनाही गप्पा मारत सावकाश पळायला शिकवलं. त्याच वर्षी अमेरिकेचे नामांकित प्रशिक्षक बिल बोवरमन तिथे गेले होते. वय ५१. या लोकांबरोबर पळायला गेले आणि सत्तरी ओलांडलेल्या एका माणसाने त्यांना मागे टाकलं. बोवरमन परत जाऊन अमेरिकेत हेच सांगू लागले. पुढे नाइकी कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक तेच. आज मोठ्या वयाची माणसं जगभर रस्त्यांवर धावताना दिसतात, त्याची एक मुळी त्या ऑकलंडच्या सावकाश पळणाऱ्यांत आहे.

मैत्रिणींचं काय करायचं? हा प्रश्न नडगीपेक्षा अवघड आहे. पहाटे साडेपाचला एकटीने बाहेर पडायचं म्हणजे अंधार, कुत्री, सुरक्षितता, सगळंच आलं. शिवाय सोबत असली की उठवतं. ती सोडा असं मी म्हणणार नाही. माझ्या गटात आम्ही असं करतो: एकत्र निघायचं, एकत्र परतायचं, मधलं धावणं अंतरावर नाही तर वेळेवर मोजायचं. सगळ्यांनी वीस मिनिटं जायचं आणि आपापल्या जागेवरून मागे फिरायचं. जलद जाणारी पुढून फिरते, सावकाश जाणारी मागून, आणि सगळ्या निघाल्या त्या ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी पोचतात. एखाद्या मैदानाला फेऱ्या मारत असाल तर आणखी सोपं. मैत्रिणींना हे समजावून सांगा. चौघींपैकी एखादीला तुमच्याइतकाच दम लागत असेल आणि ती बोलत नसेल, हे मी अनेकदा पाहिलंय.

इथवर लक्षात ठेवायचं एवढंच: दुखणं आधी तपासायचं, दम वाढवण्याची घाई नाही, वेग पाढ्यावर ठरवायचा.

पुढचा क्रम सांगते. नडगीचं दुखणं पसरट आहे असं धरून सांगतेय. दोन आठवडे धावणं बंद, चालणं चालू, तेही दुखत नसेल तरच. सायकल किंवा पोहणं जमत असेल तर दम टिकतो. नंतर सलग सात दिवस भराभर ४० मिनिटं चालून काही दुखलं नाही, दाबून दुखत नाही आणि उजव्या पायावर दहा उड्या मारता आल्या, की पुन्हा सुरुवात. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सोडून. पाच मिनिटं चालणं, मग एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा, शेवटी पाच मिनिटं चालणं. तुम्हाला हे फारच सोपं वाटेल. पहिले तीन आठवडे ते सोपंच वाटायला हवं, कारण ते दमासाठी नाहीच, पायांसाठी आहे. मग दर आठवड्या-दहा दिवसांनी थोडं वाढवायचं: दोन मिनिटं धावणं-दोन चालणं, तीन-दोन, चार-एक, सहा-एक. कुठल्या पायरीवर नडगी कुरकुरली तर मागच्या पायरीवर आठवडाभर राहायचं. साधारण बारा आठवड्यांत सलग ३० मिनिटं पाढ्याच्या वेगाने धावता येतं. कुणाला दहा आठवडे लागतात, कुणाला सोळा. बाळंतपणात वजन वाढून तसंच राहिलेलं असेल, झोप पाच तासांची असेल, घरी कुणाचं आजारपण चालू असेल, तर सोळा धरा. शरीराला सराव, जागरण आणि काळजी यांचा वेगवेगळा हिशेब ठेवता येत नाही.

याच्या जोडीला दोन व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करा, धावण्याएवढेच महत्त्वाचे आहेत. जिन्याच्या पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून टाच वर उचलायची आणि सावकाश खाली आणायची, गुडघा ताठ ठेवून पंधरा वेळा, मग गुडघा किंचित वाकवून पंधरा वेळा. वाकवून केल्याने पोटरीतला आतला चपटा स्नायू काम करतो, आणि धावताना खरा भार तोच झेलतो. आधी दोन्ही पायांवर, महिन्याभराने एकेका पायावर. दुसरा व्यायाम, खुर्चीत बसायला जावं तसं खाली जाऊन उठायचं. सुरुवातीला खुर्ची मागे असू द्या, महिन्याभराने हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्या. धावणारी माणसं व्यायामाला कंटाळतात. पण माझ्या गटात जे टाचा उचलतात त्यांची नडगी आणि टाच कमी दुखते, हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

एक छोटी सुधारणा धावण्यात करून बघा. पावलं किंचित लहान टाका आणि थोडी भराभर टाका. पाऊल शरीराच्या फार पुढे टेकलं की ते ब्रेक लावल्यासारखं होतं, आणि तो धक्का नडगीला नि गुडघ्याला बसतो. मिनिटाला दीडशे पावलं पडत असतील तर एकशे साठच्या आसपास आणा, बाकी धावण्याच्या पद्धतीत सध्या काही बदलू नका. चवड्यावर धावायचा प्रयत्न तर आत्ता मुळीच नको, पोटरी लगेच धरते.

बुटांबद्दल फार लिहीत नाही, कारण नवख्याच्या दुखण्यात बुटांचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा कमी असतो. धावण्यासाठी बनवलेले साधे, मऊ तळाचे बूट घ्या. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. मोजे घालून उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. बायकांना घट्ट बूट विकत घ्यायची सवय असते, ती इथे सोडा. दुकानात दहा पावलं पळून बघा आणि जो पायात जाणवतच नाही तो घ्या. कार्बन प्लेटचे महागडे बूट तुमच्या कामाचे नाहीत. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर तळ दबतो, तेव्हा बदला. आणि चांगल्या मापाची स्पोर्ट्स ब्रा घ्या. बुटाइतकाच तिच्यावर खर्च करावा, असं माझं मत आहे.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांची काळजी खोटी नाही, पण आकडे दुसरीकडे झुकतात. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला होता. त्यात हौसेने धावणाऱ्यांत गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण सुमारे ३.५ टक्के होतं, तर न धावणाऱ्या बैठ्या लोकांत सुमारे १०.२ टक्के. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत मात्र ते १३.३ टक्के होतं. ज्यांचे गुडघे मुळातच दुखतात ते धावायला येत नाहीत, त्याचाही परिणाम या आकड्यांत असणार, म्हणून धावल्याने गुडघे सुधारतातच असा अर्थ मी काढत नाही. पण बेताने धावल्याने गुडघे जातात, हे मात्र त्यातून दिसत नाही. आधीच गुडघ्याची जुनी दुखापत किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच.

आणि वयाचं म्हणाल तर प्रिसिला वेल्श नावाच्या ब्रिटिश बाई होत्या. पस्तिशीच्या आसपास धावायला लागल्या, त्याआधी सिगारेट ओढायच्या. १९८४ साली लॉस एंजेलिसला बायकांसाठी पहिल्यांदाच ऑलिंपिक मॅरेथॉन झाली, तीत त्या सहाव्या आल्या. १९८७ साली न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकल्या तेव्हा त्यांचं वय ४२ होतं, म्हणजे आज तुमचं आहे तेवढंच. त्यांच्यासारखं काही करा असं मी सुचवत नाही, तसं शरीर लाखांत एखादीला मिळतं. पण बेचाळीस हा आकडा तुमच्या मनात भिंतीसारखा उभा असेल तर तो तिथून काढून टाका.

वयामुळे ज्या गोष्टी खरोखर बदलतात त्यांच्याकडे मात्र बघा. चाळिशीत अनेकींची पाळी जास्त जाते, अंगात लोह कमी पडतं, आणि मग दम लागतो तो धावण्यामुळे नव्हे, रक्तामुळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला होता. शहरातल्या, बऱ्या परिस्थितीतल्या बायकाही त्यातून सुटत नाहीत. हिमोग्लोबिन, फेरिटिन (यावरून अंगातला लोहाचा साठा कळतो) आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक आणि फेरिटिन तळाला, अशा बायका माझ्याकडे बऱ्याच येतात. त्यांना दम वाढवायचा कुठलाही सराव पुरत नाही, डॉक्टरांनी लोह दिल्यावर दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. रक्तदाब आणि साखरही बघा. घरात कुणाला लहान वयात हृदयविकार झाला असेल, किंवा धावताना छातीत दाब, जबड्यात वा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं, तर हृदयाच्या डॉक्टरांना भेटल्याशिवाय एक पाऊलही धावू नका.

बायका जे विचारत नाहीत तेही लिहिते. धावताना, खोकताना थेंबभर लघवी होणं हे बाळंतपणानंतर खूप जणींना होतं. त्यापायी कितीतरी जणी धावणं सोडून देतात आणि कारण कुणालाच सांगत नाहीत. फिजिओथेरपिस्टकडे त्याचे व्यायाम असतात आणि ते उपयोगी पडतात. आणि धावायला लागल्यावर जेवण कमी करू नका. वजन उतरवण्यासाठी रात्रीची भाकरी बंद आणि सकाळी धावणं, हे दोन्ही एकदम केलं की हाडांना भरायला काही उरत नाही. निघण्यापूर्वी अर्धं केळं किंवा दोन खजूर, परत आल्यावर तासाभरात पोटभर नाश्ता, दिवसभरात डाळ, उसळ, दही, चालत असतील तर अंडी. शाळेच्या गडबडीत नाश्ता राहतो, म्हणून आदल्या रात्रीच मूग भिजवून ठेवा.

आता साताऱ्याचं. या सप्टेंबरला नको, असं माझं मत आहे.

हे मत परिस्थितीवर अवलंबून आहे, ते कसं तेही सांगते. काही वर्षांपूर्वी जावळीतली एक बाई मार्चमध्ये माझ्याकडे आली आणि त्याच सप्टेंबरला तिने हाफ मॅरेथॉन पूर्ण केली. मीच तिला हो म्हटलं होतं. पण ती लहानपणापासून डोंगर चढत-उतरत, डोक्यावर भारे वाहत आलेली. तिच्या हाडांनी वीस-पंचवीस वर्षं आधी तयारी केली होती. तिला फक्त दम शिकवायचा होता. तुमचं उलटं आहे, आणि नडगी आधीच दुखतेय.

शिवाय ही शर्यत सपाट नाही. २०१२पासून ती होतेय, मी पहिल्या वर्षापासून बघतेय. शहरातून निघालं की यवतेश्वरचा घाट लागतो, कासच्या रस्त्याने वर जायचं आणि त्याच रस्त्याने मागे यायचं. सगळे चढाला घाबरतात. चढ चालत गेलं तरी चालतो, निम्मे लोक चालतातच. खरी परीक्षा उताराची. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि दमलेल्या पायांनी, पावसाने ओल्या डांबरावर, सात-आठ किलोमीटर उतरायचं असतं. चढाला दम पुरला म्हणून खुशीत वेगाने उतरणारे लोक खालच्या वळणांवर गुडघे धरून थांबलेले मी दर वर्षी बघते. तयारी नसलेल्या नडगीला हा उतार सोसणार नाही.

माझ्या हिशेबाने तुमचं वर्ष असं जाईल. मेमध्ये चालणं-धावणं, पहाटे सहाच्या आत, कारण पुण्याचा उन्हाळा नवख्याला लवकर दमवतो. उकाड्यात वेग आपोआप कमी होतो, त्याला तुमची अधोगती समजू नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. जून-जुलैत पाऊस, तेव्हा बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घालून वाळवायचे, शेवाळलेल्या फुटपाथवरून जायचं नाही. ऑगस्टच्या सुमारास सलग ३० मिनिटं. तिथून चौथा दिवस वाढवायचा आणि रविवारचं धावणं दर आठवड्याला पाच मिनिटांनी लांबवायचं, दर चौथ्या आठवड्याला मात्र कमी करायचं. डिसेंबर-जानेवारीत एखादी सपाट दहा किलोमीटर, घड्याळ न बघता. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रविवारी दीड तास. पुढच्या वर्षीच्या मेपासून आठवड्यातून एकदा टेकडी, आधी चढ धावून उतार चालत, मग जुलैपासून उतारही हळूहळू धावत. मग पुढचा सप्टेंबर.

यंदा मैत्रिणी येतील तेव्हा तुम्हीही या. आदल्या दिवशी यवतेश्वरपर्यंत चालत जा आणि चालत उतरा. दुसऱ्या दिवशी मांडी कुठे दुखते ते बघा, पुढच्या वर्षी काय तयार करायचं ते त्यावरून कळेल.

पण हे सगळं नंतर. आज रात्री नडगीवर बोट फिरवून बघा आणि दुखणं पट्ट्यात आहे की एका जागी, ते मला कळवा. एका जागी असेल तर उद्या सकाळी मैत्रिणींबरोबर जाऊ नका, डॉक्टरांची वेळ घ्या.